भुताला विचारावे, ‘तू कोण?’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भारतीय साहित्यशास्त्र शिकवीत होते. शृंगार, वीर, करुण ही ओळखीची ठाणी मागे पडली आणि भयानक रसाची पाळी आली. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे नेहमीचीच होती. ती वाचून दाखवताना वर्गातील एकाही चेहऱ्यावर भयाची रेषा उमटली नाही; कुणाला भय वाटतच असेल तर ते परीक्षेचे. अखेर पुस्तक मिटले आणि विचारले, "तुमच्या गावाकडे कोणकोणती भुते आहेत?"

पुढच्या दहा मिनिटांत फळा भरून गेला. मुंजा, हडळ, जखीण, लावसट, समंध, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, देवचार, चकवा, वेताळ. कोकणातल्या मुली अधिकारवाणीने बोलत होत्या, देशावरची मुले आपापल्या विहिरी आणि पिंपळ सांगत होती. हशा पिकत होता. शेवटच्या बाकावरचा, नंदुरबार जिल्ह्यातून आलेला एक मुलगा तेवढा गप्प होता. त्याला विचारले, तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे भूत व्हायला मरावं लागत नाही. जिवंत बाईलाच डाकीण ठरवतात. माझ्या आत्याला ठरवलं होतं."

हशा थांबला. तास संपल्याची घंटा होईपर्यंत मलाही पुढे काय बोलावे ते सुचले नाही. मात्र त्या दिवसापासून भयकथेकडे, मग ती लोककथा असो, कादंबरी असो की चित्रपट, पूर्वीच्या निर्धास्तपणे पाहता आलेले नाही. त्या मुलाच्या एका वाक्याने माझ्यासमोर दोन प्रश्न ठेवले. कथेतले भूत कुणाचे केलेले असते? आणि एकदा ते केले, की कथा त्याला बोलू देते का? भयसाहित्याचे मूल्यमापन करताना आपण भाषाशैली, वातावरणनिर्मिती, धक्कातंत्र यांची चर्चा करतो. हे दोन प्रश्न त्या सर्वांच्या आधी विचारले पाहिजेत, असे मला वाटू लागले आहे.

प्रथम फळ्यावरची यादीच पाहू. ती आजची नाही. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची टिपणे गोळा केली होती. १९०९ साली त्यांची हत्या झाली. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी ती सामग्री संकलित केली आणि तिचा कोकणविषयक खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही मंडळी बहुतेक सर्व भेटतात. प्रांताप्रांतानुसार नावांचे अर्थ बदलतात, एकाच भुताची दोन कुळे सांगितली जातात. पण या यादीची एक अंतर्गत रचना आहे आणि ती सहज लक्षात येते.

मुंजा म्हणजे मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधी मेला तो ब्राह्मण मुलगा. समंध म्हणजे वारस नसलेला, धनावर जीव अडकलेला माणूस. जखीण ही सवाष्ण मेलेली बाई, तर लावसट ही विधवा. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सोहेराच्या दिवसांत गेलेली स्त्री. गिऱ्हा बुडून मेलेल्याचा, झोटिंग खारवी-कोळ्यांपैकी कुणाचा. काही भुतांची ओळख तर केवळ त्या माणसाच्या जातीवरून किंवा धर्मावरून दिलेली आढळते. म्हणजे माणूस मेल्यावर त्याची जात सुटत नाही, बाईचे सौभाग्य-वैधव्य सुटत नाही, आणि संस्कारांच्या पायऱ्यांवर तो जिथे अडखळला ती पायरीही सुटत नाही. या यादीला भीतीची यादी म्हणण्यापेक्षा समाजाने अर्धवट सोडलेल्या माणसांची खानेसुमारी म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

हडळीचेच उदाहरण घ्या. लोककथांतून ती पुष्कळदा हिरव्या लुगड्यात, मोकळ्या केसांनी, उलट्या पावलांनी येते. हिरवे लुगडे आणि हिरवा चुडा हा आपल्याकडे भयाचा वेश नाही. डोहाळजेवणाला आपण जिला बसवतो तिचा तो वेश आहे. ज्या बाईची ओटी भरली, जिचे कौतुक केले, ती त्या प्रवासात दगावली तर काही दिवसांच्या आत कौतुकाचे रूपांतर भीतीत होते. सुईण, अस्वच्छ खोली, रक्तस्राव, जंतुसंसर्ग ही मरणाची कारणे होती. त्यांचा विचार करण्याऐवजी समाजाने त्या बाईच्याच पावलांची दिशा उलटी केली. त्या उलट्या पावलांकडे मी आज पाहते, तेव्हा मला वाटते की ती घराकडे परत यायला निघालेली आहे आणि म्हणूनच आपल्याला भिववते.

येथे भरताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ रस मानून उरलेल्या चारांची उत्पत्ती त्यांच्यापासून सांगितली आहे. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक. ही वंशावळ आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि सोडून देतो. परंतु तिच्यात एक खोल निरीक्षण दडलेले आहे. भयाच्या मुळाशी जुगुप्सा आहे. ज्याची किळस वाटते, त्याचेच पुढे भय वाटू लागते. आणि किळस ही बरीचशी शिकवलेली गोष्ट असते. लहान मूल कशालाही हात लावते. काय शिवायचे नाही, कुणाला शिवायचे नाही, कोणत्या दिवसांत कुणाच्या सावलीत जायचे नाही, हे त्याला घर शिकवते. सोवळे-ओवळे, विटाळ, सोहेर-सुतक ही जुगुप्सेची शाळाच होती. त्या शाळेत ज्यांना ओवळे ठरवले, त्यांचीच नावे भुतांच्या यादीत ठळक दिसावीत, यात मला योगायोग दिसत नाही.

फ्रॉइडने १९१९ साली भयाच्या एका विशिष्ट प्रकारावर निबंध लिहिला, तेव्हा तो एका जर्मन शब्दापाशी अडला होता. घरचे, ओळखीचे असा अर्थ असणारा तो शब्द लपवलेले, झाकून ठेवलेले या अर्थानेही वापरला जातो. फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे, की सर्वांत अस्वस्थ करणारे भय परक्या गोष्टीचे नसते. कधीकाळी घरचेच असलेले, पण दडपून टाकलेले काही परत येते, तेव्हा ते निर्माण होते. मराठी वाचकाला हे समजायला जर्मन भाषा यावी लागत नाही. आपल्या वाड्यातील बंद खोली, माळ्यावरची ट्रंक, मागच्या अंगणातली बुजवलेली विहीर ही सगळी घराचीच अंगे आहेत. आपले भूत अरण्यातून क्वचितच येते. ते बहुधा आपल्याच आडनावाचे असते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भुताला कथा बोलू देते का? या बाबतीत आपली परंपरा श्रीमंत आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट असलेली आणि एकोणिसाव्या शतकात मराठी गद्यात उतरलेली ‘वेताळपंचविशी’ घ्या. स्मशान आहे, झाडाला लटकलेले प्रेत आहे, त्यात शिरलेला वेताळ आहे. भयाची सर्व सामग्री सिद्ध आहे. आणि हा वेताळ करतो काय, तर गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. बोललास तर मी परत झाडावर. राजाला सुटका नाही. रिचर्ड बर्टनने १८७० साली या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा शीर्षकात वेताळाचा ‘व्हँपायर’ केला. हे भाषांतर सोयीचे असेल, पण मूळ पात्रावर अन्याय करणारे आहे. व्हँपायर रक्त शोषतो. आपला वेताळ उत्तर मागतो.

आणि या कथाचक्राचा शेवट कसा होतो? अखेरच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसते. तो खरोखरच निरुत्तर होतो. वेताळ प्रसन्न होतो आणि त्याला सावध करतो: ज्या भिक्षूने तुला मला आणायला पाठवले, तो तुझाच बळी देणार आहे. म्हणजे ज्याला आपण संपूर्ण कथाभर अमंगळ समजलो, तो हितकर्ता ठरतो, आणि ज्याच्या पवित्र वेशावर विश्वास ठेवला, तो मारेकरी. लॅटिन भाषेतील ज्या शब्दापासून इंग्रजीतला राक्षसवाचक शब्द आला, त्याचे नाते ‘इशारा देणे’ या अर्थाच्या धातूशी सांगितले जाते. वेताळ त्या अर्थाने अगदी चोख राक्षस आहे. गोव्यात लोलये, पैंगीण यांसारख्या गावी तो देव म्हणून उभा आहे, त्याला वहाणा अर्पण केल्या जातात आणि त्या घालून तो रात्री गावाची राखण करतो अशी श्रद्धा आहे. ज्याला घाबरायचे त्यालाच राखणदार मानायचे, ही वरवर पाहता विसंगती वाटते. पण त्याचे म्हणणे ऐकून घेतलेले असल्यावर ती विसंगती उरत नाही.

बोलणाऱ्या राक्षसाचे पाश्चात्त्य साहित्यातील सर्वश्रेष्ठ उदाहरण म्हणजे मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यामुळे युरोपात १८१६चा उन्हाळा उगवलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मित्रमंडळीत भुताची गोष्ट लिहिण्याची पैज लागली आणि अठरा वर्षांच्या मेरीने ही कथा लिहायला घेतली. १८१८ साली ती निनावी प्रसिद्ध झाली. हा इतिहास आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्याआधीची एक गोष्ट मात्र बहुधा सांगत नाही. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७चा. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ साली ग्रंथ लिहिणारी विदुषी, बाळंतपणातील तापाने १० सप्टेंबरला वारली. हाच मृत्यू कोकणातल्या एखाद्या वाडीत झाला असता, तर त्या विदुषीची काय गणना झाली असती, हे वर आलेच आहे. स्वतः मेरीचे पहिले अपत्य १८१५ साली, जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. जन्म आणि मृत्यू एकाच खोलीत पाहिलेल्या मुलीने ही कादंबरी लिहिली आहे. त्यामुळे तिच्यातील खरा अपराध प्रयोगशाळेतील धाडस हा नाही. जन्म दिलेल्याला न्याहाळताच किळस येऊन पळून जाणे, हा तो अपराध आहे. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती येथे शब्दशः घडते.

त्या जीवाला नाव नाही. तो एका कुटुंबाच्या भिंतीआड राहून भाषा शिकतो. मिल्टन, प्लूटार्क आणि गटे वाचतो. आपली कैफियत तो इतक्या सुसंगतपणे मांडतो, की त्याला उत्तर देणे त्याच्या निर्मात्यालाही जड जाते. कादंबरीत त्याच्याशी आपुलकीने बोलणारा माणूस कोण, तर एक अंध म्हातारा. त्याला केवळ आवाज ऐकू येतो. डोळस मंडळी घरात येतात आणि संवाद संपतो. पुढे १९३१ साली जेम्स व्हेलने चित्रपट केला. बोरिस कार्लोफचा चेहरा जगभर गेला, पण त्या चित्रपटातील राक्षसाला शब्द नव्हते. तो फक्त गुरगुरत होता. त्यानंतर लोकांनी निर्मात्याचे नावही राक्षसालाच चिकटवून टाकले. लोकप्रिय संस्कृतीने भयकथेवर केलेला हा सर्वांत मोठा संस्कार मला वाटतो. चेहरा दिला आणि वाचा काढून घेतली.

या दोन कसोट्या घेऊन मराठी भयकथेकडे आलो, तर चित्र संमिश्र दिसते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही या प्रांतातील दोन मोठी नावे. दोघांनाही वाचक भरपूर मिळाले. समीक्षेने मात्र, विशेषतः धारपांच्या बाबतीत, सोयीस्कर मौन पाळले. वाचनालयातील धारपांची पुस्तके हाताळून जीर्ण झालेली असत आणि अभ्यासक्रमात त्यांचा उल्लेखही नसे, हे माझ्या पिढीने पाहिलेले आहे. ‘लुचाई’, ‘शपथ’ यांसारख्या कादंबऱ्यांचे स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांशी असलेले नाते जगजाहीर आहे, आणि ते सांगून विषय संपवण्याची आपली सवयही. खरे तर रूपांतरातच विचार करण्याजोगे पुष्कळ असते. अमेरिकन गावातले भय मराठी घरात आणताना त्या घरातील देव्हारा, शेजार, एकत्र कुटुंब यांचे काय होते, हा प्रबंधाचा विषय आहे.

धारपांविषयी माझा एक आक्षेप आहे, तो आदर राखून नोंदवते. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत अरिष्ट बहुतेक वेळा बाहेरून येते, मानवी व्यवहारापलीकडच्या कुठल्या तरी अमंगळ शक्तीकडून. समर्थ येतात, त्या शक्तीचा बंदोबस्त करतात, घर पूर्ववत होते. वाचकाला हायसे वाटते. पण घर पूर्ववत होणे हाच ज्यांच्यावर अन्याय होता, त्यांचे काय, हा प्रश्न अशा रचनेत उपस्थितच होत नाही. मतकरींच्या गूढकथेत तो उपस्थित होतो. तेथे भय नात्यांतून, अपराधभावातून, माणसाच्या मनातील एखाद्या कुजलेल्या कोपऱ्यातून येते. म्हणून शेवटच्या ओळीनंतर हायसे वाटत नाही.

आणि तरीही, धारपांच्या कथेतच दुसरी शक्यता होती, हे दाखवून दिले ते ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटाने. राही अनिल बर्वे यांच्या या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण जागी करते. १९१८ ते १९४७ असा त्याचा काळ. हस्तर नावाच्या शापित देवपुत्राला सोने मिळाले आहे, अन्न मात्र कधीच मिळणार नाही. विनायकराव कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवतो आणि सोन्याची नाणी पळवतो. येथे राक्षस भुकेलेला आहे आणि माणसाचे पोट भरलेले आहे, तरी हात थांबत नाही तो माणसाचा. शापाने कुजत पडलेली, देहातून झाड उगवलेली म्हातारी विनायकाशी बोलते. खजिन्याची वाट सांगते आणि मोबदल्यात मरण मागते. तिला वाचा आहे, तिची मागणी आहे. हीच म्हातारी चित्रपटाच्या पूर्वार्धात केवळ किंचाळणारे, साखळीने बांधलेले सावट होती. तिला बोलू दिल्याबरोबर आपली भीती कमी होत नाही, पण ती कशाची आहे हे कळू लागते. शेवटी बापाने देऊ केलेली संपत्ती मुलगा नाकारतो. मांत्रिक नाही, मंत्र नाही. एक नकार आहे. जुन्या यादीतल्या समंधाची ही आजच्या काळातील सुजाण मांडणी आहे, असे मी म्हणेन.

सगळीकडे असे घडत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ही २०१६ साली सुरू झालेली मालिका नाईकांच्या वाड्यातील जमीनजुमला, भाऊबंदकी आणि जुनी पापे यांवर उभी होती. पुढच्या भागात अण्णा नाईकांचे पूर्वायुष्य आले. खरे म्हणजे तेथे भूत करणाऱ्या माणसाची पुरती ओळख पटत होती. पण प्रेक्षकांनी या क्रूर माणसाला जवळजवळ लाडके करून टाकले, आणि त्याने ज्यांचे जगणे उद्ध्वस्त केले त्यांची आठवण विनोदाच्या देवघेवीत विरून गेली. २०२४ सालच्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने कोकणातले भूत देशभर नेले. मुंजीच्या वयाच्या मुलाची अतृप्त इच्छा हा त्याचा गाभा. एवढ्या कोवळ्या वयात मेलेल्या मुलाविषयी करुणा वाटावी, की मुलीवर हक्क सांगणाऱ्या हट्टाची भीती वाटावी, या पेचाला तो चित्रपट स्पर्श करतो. मग दृश्यकरामतींच्या आणि हशाच्या वाटेने निघून जातो. करमणूक झाली हे खरेच. पण मुंजा नावाच्या मुलाला जे म्हणायचे होते, ते राहून गेले.

येथे एक गंभीर आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या राज्यात साहित्याच्या शिक्षकांनी भुतांना प्रतिष्ठा मिळवून द्यावी काय? त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच निघालेला अध्यादेश आणि त्याच वर्षी झालेला जादूटोणाविरोधी कायदा ही दीर्घ लढ्याची फलश्रुती आहे. भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, तसेच एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याचे जगणे अशक्य करणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले. या कायद्याच्या बाजूने मी निःशंकपणे उभी आहे.

म्हणूनच मला ‘भुते खोटी आहेत’ एवढ्यावर थांबता येत नाही. भुते खोटी आहेत हे सांगणे आवश्यकच आहे. परंतु ज्याला भूत ठरवले जाते ती बाई खरी असते. भगत किंवा देवऋषी अंगात आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतो, "तू कोण? तुला काय पाहिजे?" अंगात येणे हा बाईला मोठ्याने बोलण्याचा, सासरच्या माणसांना एकेरीत बोलावण्याचा, नवे लुगडे किंवा गोडाधोडाचे जेवण मागण्याचा एकमेव परवाना असे. प्रश्न योग्य होता. पण तो बाईला न विचारता तिच्यात शिरलेल्या कल्पित भुताला विचारला जात होता, आणि उत्तर पसंत पडले नाही तर हाती वेत होता. साहित्याने करायचे ते एवढेच, की तोच प्रश्न वेत बाजूला ठेवून विचारायचा. कोकणात देवापुढे घालतात त्याला गाऱ्हाणे म्हणतात, आणि तक्रारीलाही गाऱ्हाणेच म्हणतात. भूत म्हणजे कुणी ऐकून न घेतलेले गाऱ्हाणे, असे मानून वाचू लागले की लोककथा, ‘फ्रँकेनस्टाइन’ आणि ‘तुंबाड’ एका ओळीत बसतात.

अर्थात, यातही एक धोका आहे आणि आम्ही शिक्षक त्याला सहज बळी पडतो. हडळ दिसली की पितृसत्ता, समंध दिसला की भांडवल, अशी उत्तरे आमच्या खिशात तयार असतात. प्रत्येक भुताचे रूपक करून टाकले की भय मरते आणि भयाबरोबर कथाही मरते. वाचताना मानेवर काटा यावा, दिवा मालवायला हात धजू नये, हा भयकथेचा पहिला धर्म आहे. तो न पाळणारी कथा कितीही पुरोगामी असली तरी ती निबंधच राहते. माझे म्हणणे इतकेच, की काटा आल्यानंतर आपण थांबू नये. हा काटा मला कुणाविषयी आला, आणि त्या कुणाला या कथेत तोंड उघडायची संधी मिळाली का, हे पाहावे. अभ्यासक्रमात भयकथा यावी असे मी म्हणते ते याच कारणासाठी. जो वर्ग ‘हडळीला हिरवे लुगडे का?’ असे विचारायला शिकेल, तो उद्या एखाद्या जिवंत बाईकडे बोट दाखवले गेले तर दोन क्षण थबकेल, अशी आशा मला वाटते. या आशेला पुरावा नाही. पण साहित्य शिकवणाऱ्या माणसाकडे याहून मोठे भांडवल असतेच कुठे?

त्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनासाठी मी मुलांना ‘माझ्या गावातील भयकथा’ हा विषय दिला. नंदुरबारच्या त्या मुलाने तीन पाने लिहून दिली. त्यात भूत नव्हते. तो दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे गेला होता; ती आता आपले गाव सोडून दुसऱ्या गावी राहते. त्याने तिला विचारले होते, तुला कशाची भीती वाटते? तिचे उत्तर त्याने तिच्याच बोलीत लिहिले होते आणि खाली मराठीत अर्थ दिला होता. वस्तीतल्या कुणाच्याही लेकराला ताप आला, की तिला झोप लागत नाही. ते लेकरू बरे होऊन अंगणात खेळायला येईपर्यंत ती दार लावून बसते.

भयानक रसाचे उदाहरण म्हणून आता मी हेच सांगते.